गदा मिळाली, निकालाचे काय?

दिनांक २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कावर मुळशी तालुक्याचा तरुण मल्ल पृथ्वीराज मोहोळ ह्याच्या खांद्यावर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा चढली. ह्या वार्तेने पिरंगुटापासून पौडापर्यंत आनंद व्हावा हे स्वाभाविकच होते, व तो झालाही. परंतु त्याच रात्रीपासून दुसरी एक कुजबुज सुरू झाली, आणि ती अद्याप थांबलेली नाही. हा किताब मनगटाच्या जोरावर मिळाला की पंचांच्या शिट्टीवर? आमच्या भागातील बहुतेकांस हा प्रश्न काढणेच पाप वाटते, तर घाटापलीकडील पुष्कळांस त्याचे उत्तर प्रश्न काढण्यापूर्वीच ठाऊक असते. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

प्रथम झाले काय ते नीट ध्यानी घ्यावे. ह्या स्पर्धेत गादीचा एक विभाग व मातीचा एक विभाग असे दोन भाग असतात आणि दोहोंतील विजेते अखेरीस किताबासाठी समोरासमोर येतात. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत मोहोळची गाठ शिवराज राक्षे ह्याच्याशी पडली. राक्षे हा काही नवशिका नव्हे; २०२३ साली एकदा पुण्यास व एकदा धाराशिव येथे, असा दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला तो मल्ल. मोहोळने डाव टाकला, राक्षे खाली गेला, आणि पंचांनी त्यास चीत ठरविले. राक्षेचे म्हणणे असे की पाठ पुरती टेकली नव्हती; चित्रफीत तपासावी. ती मागणी पुरी होईना तेव्हा त्याचा तोल सुटला व त्याने पंचांची गचांडी धरून लाथ मारली. पुढे किताबाच्या कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड हा गुणांच्या निर्णयावर रुष्ट होऊन कुस्तीची वेळ संपण्यापूर्वीच आखाड्यातून निघून गेला आणि मोहोळ विजयी घोषित झाला. राक्षे व गायकवाड ह्या दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. ह्या प्रकाराच्या निषेधार्थ पूर्वीचे दोन वेळचे महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील ह्यांनी आपल्या गदा परत करण्याची घोषणा केली.

आता, पंचांवर पाय उचलणे ह्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. अन्याय झाला असो वा नसो, ज्या आखाड्याची माती कपाळाला लावून मल्ल आत उतरतो त्या आखाड्याच्या न्यायासनास लाथ मारण्याचा अधिकार त्यास नाही. बंदीच्या मुदतीविषयी वाद करता येईल, शिक्षेविषयी नव्हे. पण आमचे कित्येक मित्र येथेच थांबतात. राक्षे चुकला, म्हणून पंच बरोबर, असा त्यांचा हिशेब. वाणी रागावून ताजवा फेकून देतो तेव्हा त्याचे वर्तन वाईट ठरते खरे, परंतु तेवढ्याने समोरच्याचे वजन पुरे ठरत नाही.

आणि हा ताजव्याचाच प्रश्न आहे. चीतपट म्हणजे काय ह्याविषयी आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे: दोन्ही खांदे एकाच वेळी गादीस टेकले पाहिजेत व क्षणभर तरी प्रतिपक्ष्याच्या ताब्यात तसे राहिले पाहिजेत. आखाड्यातील पंचास ते दिसले एवढ्याने भागत नाही; बाजूचा पंच वा आखाडाप्रमुख ह्यांपैकी दुसऱ्या एकाची संमती लागते. गुणांविषयी हरकत असेल तर मल्लाच्या पक्षास चित्रफीत पाहण्याची मागणी करता येते, आणि मागणी खोटी ठरल्यास प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो, जेणेकरून उगाच कोणी हरकती घेत बसू नये. ही व्यवस्था कोणा एकावर अविश्वास म्हणून झालेली नाही. शंभर-सव्वाशे किलो वजनाची दोन शरीरे पापणी लवते न लवते तोच उलटतात, तेव्हा प्रामाणिकातील प्रामाणिक माणसाचाही डोळा फसतो, हे जगाने मान्य केले म्हणून ती झाली. ज्या कुस्तीच्या निकालावर किताब, मोटार आणि आयुष्यभराचा लौकिक अवलंबून, तेथे ती चित्रफीत सर्वांसमक्ष पडद्यावर दाखविण्यास पाच मिनिटे लागली असती. ती पाच मिनिटे वाचविल्यामुळे सर्वांत अधिक नुकसान कोणाचे झाले म्हणाल, तर खुद्द मोहोळचे! राक्षेचा दावा खोटा असता तर तो तेथेच खोटा पडता, आणि आज कोणास तोंड उघडण्यास जागा राहती ना.

मग मोहोळचा लौकिक खरा की खोटा? आमचे मत असे की हा प्रश्न त्या एका डावावरून सोडविताच येणार नाही. कुस्तीचा वारसा असलेल्या घरातला हा मुलगा राज्यातील निवडक मल्लांतून वाट काढीत त्या कुस्तीपर्यंत पोचला होता. तेथपर्यंत त्यास कोणी पालखीत बसवून आणले नव्हते. डाव त्याने टाकला होता, खाली राक्षे होता, वर तो होता. पाठ किती टेकली एवढाच वाद आहे. गायकवाड निघून गेला हाही त्याचा अपराध नव्हे. त्यास दुबळा म्हणणाऱ्यांस आम्ही मत्सरी समजतो. पण तो निर्विवाद श्रेष्ठ ठरला असे म्हणणेही आज घाईचे होईल, कारण निर्विवाद म्हणजे ज्यात वाद नाही ते.

ह्या बाबतीत जगाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १९१० च्या सप्टेंबरात लंडन येथे गामा पहिलवानाची कुस्ती पोलंडच्या झिबिस्को ह्याच्याशी झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून पालथा पडून राहिला. निकाल लागला नाही. आठवड्याने पुन्हा जोड ठरली तर तो आलाच नाही, आणि गामास पट्टा बिनकुस्तीचा मिळाला. तेव्हाही विलायतेत नाके मुरडणारे होतेच. पुढे १९२८ साली पतियाळा येथे तीच जोड पुन्हा लागली व गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोस अस्मान दाखविले. अठरा वर्षांची शंका मिनिटभरात फिटली! मुष्टियुद्धातही असेच. १९२७ साली शिकागो येथे जॅक डेम्प्सीच्या ठोशाने जीन टनी खाली पडला. डेम्प्सी नियमाप्रमाणे दूरच्या कोपऱ्यात वेळेवर न गेल्यामुळे पंचाने आकडे मोजण्यास उशिरा आरंभ केला. टनी नवव्या आकड्यास उठला आणि अखेर गुणांवर जिंकला. त्या चार-पाच क्षणांवर आज शंभर वर्षे होत आली तरी वाद चालू आहे. तरीही टनीस लुच्चा म्हणणारा शहाणा मनुष्य विरळा, कारण आदल्या वर्षी त्याने त्याच डेम्प्सीस स्वच्छ हरविले होते. आपल्याकडील ताजे उदाहरण सिकंदर शेखचे. २०२३ च्या जानेवारीत पुण्यास महेंद्र गायकवाडशी झालेल्या त्याच्या कुस्तीत गुण देण्यावरून असाच गहजब उडाला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुलगाव येथे सिकंदरने राक्षेस हरवून किताब घेतला, आणि जानेवारीचा वाद तेवढ्यापुरता तरी मुका झाला. शंकेवर खरा उतारा दुसरी कुस्ती. पत्रके आणि फटाके नव्हेत.

परंतु दुसरी कुस्ती लावावी कोणी? येथेच खरे दुखणे आहे. १९६१ साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले तेव्हापासून पुष्कळ वर्षे वर्षाकाठी एक किताब, एक गदा व एक मल्ल असा व्यवहार होता. ह्या स्पर्धेच्या उभारणीत मुळशीचेच मामासाहेब मोहोळ ह्यांचा पुढाकार होता, आणि गदा आजही त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. पुढे संघ निराळा, परिषद निराळी. एका बाजूस एका पक्षाचे पुढारी, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचे. परिणाम असा की २०२३ च्या एकाच नोव्हेंबरात फुलगावास एक महाराष्ट्र केसरी व धाराशिवास दुसरा. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरास मोहोळ, तर मार्चात त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके. एकाच सालची दोन नाणी, दोन्हींवर छाप तीच! व्यापारी वाचकांस सांगावयास नकोच की अशा बाजारात दोन्ही नाण्यांस बट्टा लागतो, मग धातू कितीही चोख असो. शेळके मोठा की मोहोळ, हे विचारणाऱ्यास आज महाराष्ट्रात कोठेही उत्तर मिळत नाही, कारण ते देण्याची जागाच पुढाऱ्यांनी मोडून ठेवली आहे.

कोणी म्हणेल, पंचांचा शब्द अखेरचा ही आपली परंपरा. चित्रफिती व हरकती हे परदेशी थेर. गावच्या मैदानाविषयी हे म्हणणाऱ्यास आम्ही एवढेच विचारतो की, जत्रेत निकाली कुस्तीचा निकाल कोण मानतो? भोवती बसलेले पाच हजार लोक डोळ्यांनी पाहतात तेव्हा तो मानला जातो. पाठ लागली नाही असा गलका झाला तर गावचे पंच जोड पुन्हा धरावयास लावीत, आणि त्यात कोणास आपली अप्रतिष्ठा वाटत नसे. पडद्यावरील चित्रफीत म्हणजे त्या पाच हजार डोळ्यांचीच सोय. ती नाकारणाऱ्यांनी परंपरेचे नाव घेऊ नये.

तेव्हा आमची मागणी अशी की संघ व परिषद ह्यांनी वर्षास एकच किताब द्यावा, किंवा ते होईपर्यंत दोन्ही विजेत्यांची एक जोड, दोहोंस मान्य असे परप्रांतीय पंच बसवून, उघड्या मैदानात लावावी. हरकत आल्यास चित्रफीत प्रेक्षकांसमक्ष दाखविल्याखेरीज निकाल पुकारू नये. पंच नेमणाऱ्या समितीत ज्या तालमींचे मल्ल उतरले असतील त्यांच्या वस्तादांस वा आश्रयदात्यांस जागा नसावी. जागा मोठ्याच पाहिजेत असेही नाही: २०१७ साली पिरंगुटाच्या उंबरठ्यावरील भूगावास हीच स्पर्धा भरली व अभिजित कटके तेथे किताबाचा धनी झाला, तेव्हा यजमानपदास हा तालुका नवखा नाही.

राहता राहिले पिरंगुटातील दुकानदार, कारखानदार व जमिनींच्या व्यवहारांत हात मोकळा झालेले गृहस्थ. कुस्त्यांच्या इनामांस ह्यांच्याकडून वर्गणी जाते, फलकांवर ह्यांचीच छायाचित्रे झळकतात. पुढील जत्रेची पावती फाडताना त्यांनी मैदान समितीस विचारावे की, यंदा पंच किती, ते कोणाचे कोण, आणि चित्रफीत घेणारा यंत्रासह हजर राहणार की नाही. उत्तर नीट मिळेपर्यंत पैसे खिशातच ठेवावेत.