आधी पेडल बघा

गाणं अजून चालू होतं, बाकीच्या सायकली जोरात फिरत होत्या आणि आमच्या बॅचमधल्या अंगणवाडीच्या ताई ब्रेक दाबून खाली उतरल्या होत्या. भिंतीला टेकून त्यांनी डावा बूट काढला, मग मोजा. चवड्यावर आडवा लाल वळ उठला होता, चांगला बोटभर रुंद. "मॅडम, बोटं माझी आहेत की नाहीत तेच कळेना," म्हणाल्या. मी खाली बसून त्यांची बोटं चोळली. वळाला हात लागला की त्या पाय मागे ओढून घ्यायच्या.

त्यांचा बूट मी हातात घेऊन वाकवला, तर घडीच्या पोळीसारखा दुमडला. सकाळी चालायला घालतात तोच, जाड स्पंजाच्या तळाचा. चालायला तो चांगलाच आहे. चालताना टाच जमिनीवर आपटते, तो हिसका स्पंज गिळतो. पेडलवर मात्र टाच आपटतच नाही. तिथे सगळा जोर चवड्यावर येतो, आणि चवड्याखाली पेडल असतं चार बोटं रुंद. मऊ तळ त्या पेडलभोवती दबत जातो आणि लोखंडाची कड पायाला जाणवू लागते. मिनिटाला ऐंशी फेरे धरले तरी पाऊण तासात एकेक पाय साडेतीन हजार वेळा तीच कड दाबतो. मुंग्या येणारच. सायकलिंगच्या बुटाचा तळ कडक असतो, साध्यात नायलॉनचा, महागड्यात कार्बनचा. तो वाकत नाही, त्यामुळे जोर एका रेघेवर न येता तळव्यावर पसरतो. पायाच्या दुखण्याचं निम्मं उत्तर या कडक तळात आहे.

बंद खोलीत सायकल कशाला चालवायची, रस्ते काय कमी आहेत, असं मला बरेच जण विचारतात. त्यांनी एकदा संध्याकाळच्या लोकलला आसनगावला उतरून सायकलने शहापूर गाठावं. मुंबई-नाशिक महामार्गावरचे कंटेनर कानाजवळून जातात तेव्हा हँडल सरळ धरणं मुश्किल होतं. मुरबाडकरांच्या वाट्याला माळशेजकडे जाणारा रस्ता, तिथलीही तीच गत. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. तानसा, भातसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात का बांधली, ते जुलैत इथे चार दिवस राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला डॉक्टरांनी 'साखर उतरवा, पण गुडघ्यांना हिसके देऊ नका' असं बजावलं असेल, तर तिच्यासाठी ही जागच्या जागी फिरणारी स्पिनची सायकल फार मोलाची आहे. ती केवळ बुटापायी सोडू नये, म्हणून हा लेख.

बुटांच्या बाबतीत पहिली चूक माझीच झाली. मी ऑनलाइन बूट मागवले. दिसायला सुरेख, तळाला त्रिकोणात तीन भोकं. जिममध्ये नेले तेव्हा कळलं की बुटाच्या तळाला बसवायची आणि आमच्या पेडलच्या खटक्यात अडकणारी पट्टी दोन बोल्टची असते. विक्रेत्याने हे कुठे लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. परत करायची मुदत तोवर उलटली होती.

तीन बोल्टची पद्धत रस्त्यावरच्या शर्यतींतून आली. बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याचे खटके बनवणाऱ्या फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४ मध्ये तसाच खटका सायकलच्या पेडलला बसवला, आणि पुढच्याच वर्षी बर्नार ईनोने त्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली. या पद्धतीची प्लास्टिकची पट्टी बुटाच्या तळाच्या बाहेर आलेली असते. दोन बोल्टची पद्धत जपानच्या शिमानोने १९९० मध्ये आणली, ती एसपीडी. ती डोंगरातल्या सायकलींसाठी होती. तिथे वाट संपली की सायकल उचलून चालावं लागतं, म्हणून तिची लोखंडी पट्टी बुटाच्या रबरी तळात खोल बसवलेली असते. स्पिनच्या बहुतेक सायकलींना पेडलच्या एका बाजूला हाच एसपीडीचा खटका असतो आणि उलट बाजूला साध्या बुटांसाठी पट्ट्याचा पिंजरा. अमेरिकेतल्या पेलोटॉनच्या घरगुती सायकलीला मात्र लूकची तीन बोल्टची पट्टी लागते. परदेशी व्हिडिओ बघून बूट निवडणाऱ्यांची गल्लत होते ती इथेच. तेव्हा दुकानाच्या आधी जिममध्ये जा, पेडल पालथं करा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मग बुटाचा तळ बघा.

जिममध्ये दोन्ही खटके असतील तरी मी दोन बोल्टच सांगेन. रविवारी पहाटे मुंबईहून कसारा घाटाकडे निघालेले सायकलस्वार शहापूरला चहाला थांबतात, तेव्हा त्यांची पावलं बघा. तीन बोल्टवाला टाचेवर तोल सांभाळत टेबल गाठतो, एसपीडीवाला सरळ चालत येतो. घाटावरच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात 'रेस ॲक्रॉस अमेरिका' पार केली. तसं काही मनात असेल त्याने शर्यतीचे बूट जरूर घ्यावेत. आपल्याला पावसाळ्यात ओल्या टाइल्सच्या जिन्याने वरच्या मजल्यावर जायचं असतं.

आता खरी अडचण, ती रुंदीची. ताईंचं माहेर मुरबाडकडे, टोकावड्याच्या पलीकडे. लग्नाआधीचे सगळे पावसाळे खाचरात, आवणीला अनवाणी. चिखलात घट्ट उभं राहायला बोटं फाकवावी लागतात, आणि त्यांची बोटं तशीच राहिली आहेत, मोकळी, एकमेकांना न चिकटलेली. असं पाऊल सशक्त असतं, मला ते सुंदर वाटतं. पण सायकलिंगचे बरेचसे बूट युरोपी पावलाच्या अरुंद साच्यावर बेतलेले असतात. लांबीला बरोबर बसणारा बूट करंगळी चेपतो. मग बायका एक नंबर मोठा घेतात. त्याने करंगळी सुटते, पण टाच वर-खाली निसटते आणि पट्टी चवड्याखालची जागा सोडते.

ही फक्त आमच्या ताईंची गोष्ट नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली. भारतीय पाऊल युरोपी-अमेरिकी पावलापेक्षा रुंद भरलं. त्यावरून 'भ' नावाची आपली स्वतःची मापपद्धती सुचवली गेली आहे. आपण आजवर परक्या नंबरांत पाय कोंबत आलो आणि दोष पायाला दिला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'वाइड' लिहिलेला बूट मागताना लाजायचं काही कारण नाही.

माप घरी घेता येतं. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. व्यायामाचे मोजे घालून कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा आणि दुसऱ्याला पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. लांबी आणि चवड्याची सगळ्यात जास्त रुंदी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, दोन्ही पायांची. जो पाय मोठा, तो धरायचा. बुटात टाच हलता कामा नये, बोटं मात्र वळवळता आली पाहिजेत. लेसपेक्षा वेल्क्रो बरा, सुटलेली लेस फिरत्या क्रँकमध्ये अडकू शकते. ओढणी आणि सलवारीचे घोळही तेवढेच जपायचे.

पट्टी बसवताना अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं गोल हाड बोटाने चाचपा. त्या दोहोंच्या मधोमध पट्टी आली पाहिजे. बोल्टला ४ मिलिमीटरची ॲलन की लागते, पेडलची स्प्रिंग सैल करायला ३ मिलिमीटरची. नवख्या माणसाने स्प्रिंग अगदी सैल ठेवावी. शिमानोची एसएच-५६ ही पट्टी इतर पट्ट्यांच्या मानाने सहज सुटते, सुरुवातीला ती बरी.

आठवड्यातून एखाद्या दिवशी जाणाऱ्याने यातलं काहीच घेऊ नये. कडक तळाचा साधा बूट आणि पेडलचा पिंजरा पुरतो, पैसे वाचतात.

ताईंचे बूट महिन्याभराने आले. बॅचच्या आधी दहा मिनिटं आम्ही थांबलेल्या सायकलवर फक्त पाय सोडवायचा सराव केला. टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, वर ओढायची नाही. सराव थांबलेल्या सायकलवर, कारण स्पिनच्या बऱ्याच सायकलींचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. आपण थांबलो तरी ते पायाला फिरवतच राहतं. आधी ब्रेकचा नॉब दाबून चाक थांबवायचं, मगच टाच वळवायची. ताईंनी पंधरा-वीस वेळा केलं. पहिल्या चार-पाच वेळा त्या हँडलला घट्ट धरून होत्या, नंतर हात सुटला.

परवा त्यांच्या मुरबाडच्या बहिणीच्या पावलाचा कागद माझ्याकडे आला आहे. चवड्याला रुंदी दहा सेंटिमीटर. तिच्या जिममधल्या पेडलचा फोटो अजून यायचा आहे.