मापात बसणारी बार्शी लाईट

आगगाडीच्या लहान प्रतिकृती करण्याचा छंद आपल्याकडे अपरिचित नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात मुले आणि त्यांचे आजोबा सारख्याच तन्मयतेने उभे असलेले दिसतात. तथापि, विकत आणलेले इंजिन रुळांवर फिरवणे निराळे आणि आपल्या गावच्या स्टेशनात येणारे इंजिन स्वतःच्या हाताने घडवणे निराळे. पहिल्या कामास पैसा पुरतो. दुसऱ्यास मापबद्ध आराखडा लागतो, आणि तो बहुधा दुकानात मिळत नाही, शोधावा लागतो.

मापबद्ध आराखडा म्हणजे नुसते चित्र नव्हे. हा भेद आपल्या समाजातील वाचकांना समजावून सांगण्यास दूर जावयास नको. जंबूद्वीपाचा विस्तार एक लाख योजने आणि भरतक्षेत्राचा ५२६ पूर्णांक ६/१९ योजने, म्हणजे बरोबर एकशे नव्वदावा भाग. आता मंदिरातील जंबूद्वीपाचा पट एक मीटर व्यासाचा आहे असे समजा. प्रमाण काटेकोर पाळले तर त्यात भरतक्षेत्राच्या वाट्यास जेमतेम सव्वापाच मिलिमीटर येतात. एवढ्यात गंगा, सिंधू, विजयार्ध पर्वत आणि सहा खंड कसे मावणार? म्हणून चित्रकार तो भाग मोठा करून काढतो. यात दोष नाही, कारण पटाचे काम बोध करून देण्याचे आहे. मात्र त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये. खरे माप रंगात नाही, ग्रंथातील आकड्यात आहे. आणि ते एकोणिसाव्या भागापर्यंत जपलेले आहे. रेल्वेच्या आराखड्यालाही हाच नियम लागू पडतो. कागद दमटपणाने फुगतो, आकसतो. नक्कल काढताना एक बाजू किंचित ताणली जाते. म्हणून कागदावर लिहिलेले माप प्रमाण मानावे, पट्टीने काढलेले नव्हे.

उदाहरणासाठी बार्शी लाईट रेल्वेच घेऊ. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांच्या मालाची ने-आण तिनेच केली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. मिरज ते लातूर हा पल्ला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरांचा. १९५४ साली ती सरकारच्या ताब्यात गेली आणि पुढे तिचे रूळ रुंद झाले. कॅलथ्रॉपचा हिशेब एखाद्या कसलेल्या व्यापाऱ्यासारखा होता. हलके रूळ टाकायचे, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, आणि डबे वेगवेगळे असले तरी खालचा पोलादी सांगाडा एकाच मापाचा, पंचवीस फुटी ठेवायचा. रुळांची रुंदी अडीच फूट आणि सांगाडा पंचवीस फूट, म्हणजे नेमका दहापट!

प्रतिकृतीकाराला ही गोष्ट फार सोयीची आहे. एकास सत्त्याऐंशी या रूढ प्रमाणात ७६२ मिलिमीटरांचा मार्ग ८.७६ मिलिमीटरांचा होतो, आणि बाजारात नऊ मिलिमीटरांचे तयार रूळ मिळतात. फरक पाव मिलिमीटराचा. तो डोळ्यास जाणवत नाही. सांगाडा होतो पावणेनऊ सेंटिमीटरांचा. एक सांगाडा नीट साधला की त्यावर बंद वाघीण, उघडी वाघीण, उतारू डबा असे काहीही उभे करता येते. उलट आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात, आणि तयार रूळ मिळतात साडेसोळाचे. ते युरोपच्या अरुंद मार्गासाठी काढलेले. त्यांवर जीआयपी रेल्वेचे इंजिन ठेवले की पाय जवळ घेऊन उभे राहिल्यासारखे दिसते.

आराखडे शोधावेत कोठे? इंजिन कोणत्या कारखान्यात घडले हे आधी पाहावे. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची कागदपत्रे तेथील विद्यापीठाच्या अभिलेखागारात, तर बेयर पीकॉकची मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात आहेत. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातही मोठा संग्रह आहे. १८५६ साली साप्ताहिक म्हणून सुरू झालेल्या 'द इंजिनिअर'च्या जुन्या अंकांत इंजिनांचे घडीचे तक्ते छापलेले आढळतात. भारतीय रेल्वेच्या डायग्राम बुकांत प्रत्येक इंजिनाची व डब्याची बाह्यरेषा, लांबी-रुंदी आणि वजन असते. मात्र डायग्राम म्हणजे तेरीज. तीवरून शिल्लक कळते, प्रत्येक रकमेची पावती मिळत नाही. बिजागरी कोठे, रिव्हेट किती, हे पाहण्यास कारखान्याचा सविस्तर आराखडाच हवा. तो न मिळाल्यास प्रत्यक्ष वस्तू गाठावी. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात अडीच फुटी गाड्या डोळ्यांसमोर उभ्या आहेत. परवानगी घ्यावी, सोबत एक माणूस आणि मोजपट्टी न्यावी. चाकाचे माप मात्र जपून घ्यावे, कारण त्याचे टायर वर्षानुवर्षे झिजलेले असते.

येथे एक गोष्ट मनाला बोचते. याच कॅलथ्रॉपने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी रेल्वे उभारली. ती १९०४ साली सुरू झाली, लांबी आठ मैलांच्या थोडी वर, आणि १९३४ साली बंदही पडली. तरी तिच्या इंजिनांचे आणि डब्यांचे आराखडे तिकडच्या पुस्तकांत व छंदाच्या मासिकांत पुनःपुन्हा छापले गेले, आणि आजही लोक त्यांवरून प्रतिकृती करतात. आपली बार्शी लाईट तिच्यापेक्षा किती मोठी आणि किती अधिक काळ राबलेली!

तिचे माप आपल्याच घरांत दडलेले असू शकते. आडतीच्या पेढीचा सामुदायिक फोटो, संघ यात्रेस निघतानाचा फलाटावरचा फोटो, मागे उभी असलेली वाघीण. अशा छायाचित्रात डब्याची बाजू कॅमेऱ्यास समोरून काटकोनात असेल आणि एक जरी माप ठाऊक असेल, तर बाकीची मापे त्रैराशिकाने निघतात. सांगाड्याचे पंचवीस फूट तर आपणांस ठाऊकच आहेत. डबा तिरका असेल तर जवळचे टोक मोठे दिसते, तेव्हा केवळ उंचीच्या तुलना कराव्यात, आणि त्याही एकाच उभ्या रेषेवरच्या. म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या वह्या-फोटो रद्दीत देण्याआधी एकदा त्यांतून नजर फिरवावी. फोटो चौकटीतून काढून सपाट स्कॅन करावा, त्याच्या कडेला साधी पट्टी ठेवावी, आणि फोटोच्या मागे स्टेशन, साल, फोटोतील माणसांची नावे असे काही लिहिलेले असेल तर ती बाजूही सोबत स्कॅन करावी.