वांग्याचें भरीत आणि कळण्याची भाकरी

मार्गशीर्ष लागला, म्हणजे आमच्या खानदेशांत पंक्तीचा भेद कांहीं दिवस मोडतो. ज्या घरांनीं चातुर्मासांत कांदा, लसूण व वांगें वर्ज्य केलेलें असतें, तीं चंपाषष्ठीस भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मोकळीं होतात. आणि मग जळगांवापासून धुळ्यापर्यंत बाजारोबाजारीं भरिताच्या वांग्यांचे ढीग लागतात. या वर्ज्यांत संयम किती व सोय किती, याविषयीं आम्हांस थोडी शंका आहे. कारण हें वांगें थंडी पडूं लागल्यावरच खऱ्या रसास येतें. परंतु शास्त्र आणि शेत यांचें एकमत झालें असतां आपण मध्यें कां पडावें?

दिसावयास हें फळ रुबाबदार नाहीं. रंग फिकट हिरवा, अंगावर पांढुरक्या रेषा. पण बी थोडें आणि गर लोण्यासारखा मऊ. यावल तालुक्यांतील बामणोद व भालोद, तसेंच जळगांवाजवळचें असोदें, हीं गांवें त्यासाठीं नांवाजलेलीं आहेत. जळगांवच्या या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. संस्कृतांत वांग्याला वृन्ताक, वार्ताकु, वातिंगण अशीं नांवें आहेत. त्यांतील वातिंगण इराणांत बादिंगान झालें, अरबी मुखांतून भूमध्यसमुद्राकडे गेलें, आणि इटलींत त्याचें मेलांझाना झालें. तेथील लोकांनीं त्या शब्दाची फोड केली ती ‘वेडें सफरचंद’ अशी! पेल्लेग्रीनो आर्तुझी या गृहस्थानें १८९१ सालीं इटालियन घरगुती पाककृतींचा ग्रंथ छापला. त्यांत तो सांगतो कीं, चाळीस वर्षांपूर्वीं फ्लॉरेन्सच्या बाजारांत वांगीं क्वचितच दिसत. यहुद्यांचें खाणें म्हणून त्यांस हलकें लेखीत. आपल्याकडेहि भरीत-भाकरी हें गड्यांचें खाणें म्हणून नाक मुरडणारे थोडे नव्हते. त्यांचे नातू आतां पुण्यास वांगीं मागवितात.

भरिताचें मर्म मसाल्यांत नसून विस्तवांत आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ चटकन भडकतो व चटकन बसतो. टोंचे मारून तेलाचा हात लावलेलीं वांगीं त्यांत टाकलीं, म्हणजे साल करपते, गर आपल्याच वाफेवर शिजतो, आणि जो धूर आंत शिरतो तोच त्याचा मसाला. पुढें साल काढून तें लाकडी भांड्यांत ठेचावयाचें. तेलांत ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, भुईमुगाचे दाणे, पातीचा कांदा, वरून कोथिंबीर, इतकेंच. ज्या घरीं कांदा-लसूण चालत नाहीं, तेथें दही व हिंग-मोहरीची फोडणी. हा प्रकार निराळा आहे, उणा नव्हे. टोमॅटो आणि गरम मसाला घालून भरीत ‘सुधारणारीं’ घरेंहि आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांचें वांगें बहुधा शिळें असतें. शहरांत काड्या मिळत नसतील तर कोळशाची शेगडी बरी; तीहि नसेल तर गॅसच्या मंद ज्योतीवर वांगें फिरवीत बसावें, घाई करूं नये.

परंतु साध्या अन्नाची नुसती स्तुति करणें हें भरल्या पोटाचें काम आहे. उत्तर इटलींत अमेरिकेहून आलेला मका रुजला, आणि त्याच्या पिठाचा घाटा, ज्यास तेथें पोलेंता म्हणतात, तोच गरीब शेतकऱ्याचा सकाळ-संध्याकाळचा आहार झाला. आज हौशी लोक त्याचें कौतुक करतात. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत त्या एकट्यावर जगणाऱ्यांची कातडी खरखरीत होई, पुढें बुद्धि भ्रमे आणि माणसें मरत. मिलानच्या फ्रापोल्ली नामक वैद्यानें १७७१ सालीं त्या रोगास पेलाग्रा हें नांव दिलें. मक्यांतील नायसिन हें जीवनसत्त्व शरीरास सहजीं लाभत नाहीं, हें विसाव्या शतकांत कळलें. मेक्सिकोचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यांत शिजवीत, म्हणून ते बचावले. यूरोपानें दाणा घेतला, रीत घेतली नाहीं. आणि हा रोग परक्यांचाच असें समजूं नये. केवळ ज्वारीवर राहणाऱ्या दख्खनच्या गरिबांतहि तो आढळल्याचें हैदराबादच्या संशोधकांनीं १९६० च्या सुमारास दाखविलें.

येथेंच कळण्याची थोरवी दिसते. ज्वारी व अख्खे काळे उडीद मीठ घालून एकत्र दळलें, म्हणजे तो कळणा. ज्वारींत लायसिन हा घटक तुटपुंजा असतो, तो उडदांत पुरेसा असतो. आणि उडदांतील उणीव ज्वारी भरून काढते. जात्यावर बसणाऱ्या ज्या बाईनें ही जोडी प्रथम जमविली, तिचें नांव कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. आतां शहरांतल्या मेजवान्यांत भरीत टिकलें आहे आणि कळणा मागें पडत आहे. त्याच्या जागीं मैद्याचा पाव आलेला आम्हीं पाहिला. वाचकभगिनींनीं तेवढें होऊं देऊं नये, अशी आमची विनंति आहे. चार वाटे ज्वारीस एक वाटा उडीद धरावा, उडीद निवडून उन्हांत चांगले तापवावे, आणि गिरणीवाल्यास पीठ किंचित् जाडसर ठेवावयास सांगावें. उडदाच्या चिकटपणामुळें भाकरी थापतांना सहसा तुटत नाहीं. नवशिक्या सुनेनें ज्वारीच्या आधीं हीच करून पाहावी. पीठ मात्र एका आठवड्यापुरतेंच दळून आणावें.