पिल्लाला छडी नको!

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. एखाद्याचा स्वभाव बदलत नाही, हे सांगण्यासाठी मोठी माणसे ती वापरतात. शेपटीचे काय असेल ते असो. पण कुत्र्याच्या दुसऱ्या टोकाला जे तोंड असते त्याची गोष्ट निराळी आहे. तोंडाला वळण लावता येते. मात्र ते कसे लावायचे, याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. त्यांतील सर्वांत मोठा गैरसमज असा, की पिल्लू चावले की त्याला मारावे, म्हणजे ते शहाणे होते. मला हे मुळीच पटत नाही. का पटत नाही ते आज तुम्हांला सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवीत होतो. एके दिवशी एक मुलगा हाताला रुमाल गुंडाळून आला. विचारले तर म्हणाला, “पडलो, सर.” रुमाल सोडून पाहिला, तर मनगटाजवळ दातांच्या चार बारीक खुणा आणि त्यांवर थापलेली हळद! घरी नव्याने आणलेले पिल्लू खेळताना चावले होते, आणि त्याला तीन दिवस होऊन गेले होते. घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो रडू लागला. वडिलांनी बजावले होते, “पुन्हा चावले तर पिल्लाला गावाबाहेर सोडून येईन आणि तुलाही चोप देईन.” म्हणून पोराने जखम लपविली. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेले, लस सुरू झाली, आणि सुदैवाने पुढे काही अघटित घडले नाही. पण ती तीन दिवस झाकलेली जखम मी अजून विसरलेलो नाही. तिच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

पिल्लू चावते तरी का?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. पिल्लू चावते ते रागाने नव्हे. त्याला आपल्यासारखे हात नाहीत. वस्तू मऊ की टणक, जिवंत की निर्जीव, खाण्याची की खेळण्याची, हे ते तोंडानेच तपासते. तान्हे मूल हाती येईल ते तोंडात घालते, तसाच हा प्रकार. पिल्लाला साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या वयात दुधाचे दात येतात. ते एकूण २८ असतात आणि सुईसारखे अणकुचीदार असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहासात महिन्यांचे होईपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, आणि पिल्लू चपलेपासून खाटेच्या पायापर्यंत सर्व काही चावत सुटते.

आता भावंडांत खेळणारी पिल्ले पाहा. एक दुसऱ्याचा कान धरते. हळू धरले तर खेळ चालू राहतो. जोरात धरले की दुसरे ‘क्यांव’ करून ओरडते आणि खेळ सोडून बाजूला होते. पिताना दात लागले तर आई उठून चालू लागते. कोणी कोणाला काठी मारीत नाही. तरीही पिल्लाला एक धडा मिळतो : जोरात चावले की खेळ संपतो, दूध संपते. असे दिवसातून कितीतरी वेळा घडते आणि हळूहळू पिल्लू आपल्या जबड्याचा जोर आवरायला शिकते. मोठेपणी कधी भीतीने वा वेदनेने त्याने तोंड टाकलेच, तरी हा लहानपणचा धडा कामी येतो.

म्हणूनच डोळे उघडून थोडेच दिवस झालेले पिल्लू आईपासून ओढून आणणे ही मोठी चूक आहे. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी बार हार्बर येथील प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा इतरांशी कसे वागावे हे शिकण्याचा असतो, असे त्यांना आढळले. निदान आठ आठवडे पिल्लू आईजवळ व भावंडांत राहावे, असे आज सांगितले जाते. गल्लीतल्या कुत्रीची पिल्ले गोणपाटात घालून महिनाभराची होण्याआधीच घरोघर वाटण्याची आपली रीत पाहिली, म्हणजे किती पिल्ले या पहिल्या शाळेतून नाव काढून आणली जातात हे कळेल!

मार दिल्याने काय होते?

“पण आमच्या आजोबांनी काठीनेच कुत्रा वळणावर आणला होता,” असे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल. काठीने काहीच होत नाही, असे मीही म्हणत नाही. काठीने पिल्लू गप्प बसते. प्रश्न असा, की ते शिकते काय?

पिल्लू आता चावले आणि तुम्ही काठी शोधून, त्याला पकडून, अर्ध्या मिनिटाने मारलेत, तर चावण्याचा आणि माराचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्याला एवढेच समजते, की माणसाचा हात जवळ आला की दुखते. मग पुढच्या वेळी हात कुरवाळायला आला तरी ते आधीच दात दाखविते. म्हणजे जो रोग घालवायचा तोच आपण वाढविला!

दुसरा धोका याहून मोठा आहे. कुत्रा सहसा एकदम चावत नाही. आधी तो अंग आखडतो, तोंड फिरवितो, ओठ वर करतो, गुरगुरतो. ‘दूर राहा’ असे सांगण्याची ती त्याची भाषा आहे. गुरगुरल्याबद्दल त्याला पुन्हापुन्हा मार बसला, तर तो गुरगुरणे सोडून देऊ शकतो. पण त्यामागची भीती जात नाही. मग एक दिवस तो काही न सांगता चावतो आणि लोक म्हणतात, “कुत्रा अचानक उलटला.” अचानक कसला? धोक्याची घंटा आपणच काढून ठेवलेली असते.

थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून, ती बाहेर पडायला कशी शिकतात याचे प्रयोग केले. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पक्की होते, असा नियम त्याने मांडला. आरंभी त्याला वाटत होते, की शिक्षेने कृती तितकीच पुसली जात असेल. पण १९३०च्या दशकात त्याने स्वतःच्याच मताला मुरड घातली. बक्षिसाने वर्तन जितके बळकट होते, तितके शिक्षेने दुबळे होत नाही, असे त्याने सांगितले. पुरावा दिसल्यावर मत बदलणे ही खऱ्या शास्त्रज्ञाची खूण आहे. काठी घेतलेल्या हातालाही ते जमायला हवे.

मग शिकवायचे कसे?

पद्धत सोपी आहे. कठीण आहे तो धीर. पिल्लाची भावंडे जे करतात तेच आपण करायचे. खेळताना दात जोरात लागले की खेळ तत्काळ थांबवा. हात झटक्याने मागे ओढू नका आणि पळू नका. हलणारी वस्तू दिसली की पिल्लू तिच्या मागे लागणारच. हात सैल सोडा, ‘बस्स’ एवढेच शांतपणे म्हणा आणि तोंड फिरवून अर्धा मिनिट उभे राहा. किंचाळू नका; काही पिल्लांना त्यात आणखी मजा वाटते. मग पुन्हा खेळा. पहिले काही दिवस फक्त जोराच्या चाव्याला हा नियम लावा, नंतर हलक्या चाव्यालाही, आणि शेवटी कातडीला दात टेकला तरी. त्याने हात चाटला किंवा तो नुसताच हुंगला, तर लगेच शाबासकी द्या, पोळीचा तुकडा द्या. ‘लगेच’ म्हणजे सेकंद-दोन सेकंदांत.

नुसते ‘चावू नको’ सांगून भागत नाही. काय चावायचे तेही द्यायला हवे. जुन्या जाड कापडाला गाठी मारून ते थंड पाण्यात भिजवून द्या. हिरड्यांना बरे वाटते. जुनी चप्पल मात्र देऊ नका. जुनी कोणती आणि काल बाजारातून आणलेली कोणती, हे त्याला कसे कळणार? शिजलेली हाडेही नकोत. त्यांच्या फुटलेल्या कपच्या घशाला व आतड्याला इजा करतात. आणि पिल्लाला पुरती झोप मिळू द्या. झोप न झालेले पिल्लू किरकिऱ्या मुलासारखेच अधिक चावते.

घरात सर्वांचा नियम एक हवा, ही सर्वांत मोठी अट आहे. तुम्ही खेळ थांबविता आणि दादा त्याच्याशी हातानेच कुस्ती खेळतो, असे चालणार नाही. कधीमधीच बक्षीस मिळणारी सवय सुटायला फार वेळ लागतो, हे स्किनर या शास्त्रज्ञाने उंदीर व कबुतरे यांवरील प्रयोगांतून दाखविले आहे.

तुमच्या घरी लस टोचलेले पिल्लू असेल, तर वडीलधाऱ्यांच्या देखत हा प्रयोग करून पाहा. रोज संध्याकाळी दहा मिनिटे खेळा, किती वेळा दात लागले ते वहीत लिहा, आणि तीन आठवड्यांचा आलेख काढा. आरंभी आलेख वर गेला तर घाबरू नका. जुनी युक्ती चालेनाशी झाली की पिल्लू ती आधी जास्त जोराने करून पाहते. मग आलेख उतरू लागेल. गल्लीतल्या किंवा अनोळखी पिल्लावर हा प्रयोग मुळीच करू नका. मोठा झालेला कुत्रा रागाने चावत असेल, तर त्याला शिकविणे हे मुलांचे काम नव्हे. त्यासाठी पशुवैद्यांकडेच गेले पाहिजे.

लपविलेली जखम

आता त्या हळद लावलेल्या मनगटाकडे वळू. पिल्लू लहान म्हणून त्याचा चावा निरुपद्रवी, असे समजू नका. रेबीज म्हणजे अलर्क रोगाचे विषाणू लाळेतून पसरतात आणि हा रोग पिल्लालाही होऊ शकतो. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण त्याआधी, वेळेवर उपचार झाले तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लशीने जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलावर उपचार सुरू झाले. तेव्हापासून ही वाट खुली आहे. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, असा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ असतात.

म्हणून दात लागला, ओरखडा उठला, तर साबण व वाहते पाणी यांनी जखम सलग १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पोटात १४ इंजेक्शने घेण्याचे जुने भय आता मनात ठेवू नका. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडात देतात. पिल्लालाही तीन महिन्यांचे होताच पशुवैद्यांच्या सल्ल्याने लस टोचून घ्या.

पण हे सर्व केव्हा होईल? मुलाने घरी सांगितले तर! त्या घरात पिल्लालाही मार बसत होता आणि मुलालाही माराचा धाक होता. दोघेही एकच धडा शिकले. एकाने गुरगुरणे लपविले, दुसऱ्याने जखम लपविली. शिक्षेच्या भयाने चूक जात नाही, ती दडते. आणि दडलेली चूक उघड्या चुकीपेक्षा घातक असते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली आहे. कायदा आहे म्हणून छडी बाजूला ठेवणे ठीकच. पण ती का ठेवायची हे पिल्लाच्या या लहानशा उदाहरणावरून वर्गात समजावून सांगता येईल. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी पिल्लू आले, तर पहिल्याच दिवशी घरातल्या सर्वांना एकत्र बसवून दोन नियम ठरवून घ्या : पिल्लू चावले तर त्याला मारायचे नाही, आणि ज्याला चावले त्याने ते सांगितले तर त्याला रागवायचे नाही.