श्वास तपासा, फोन नको

नाकाबंदी हवीच. मी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रपाळी करणारी परिचारिका आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने उडवलेला माणूस स्ट्रेचरवरून आत येतो, तेव्हा त्याचे रक्ताळलेले कपडे कापायचं काम माझ्याकडे असतं. म्हणून नळीत फुंकायला सांगणाऱ्या पोलिसाला मी कधी नाही म्हणणार नाही. पण त्याने माझा फोन चाळायचा म्हटला, तर मात्र ठाम नकार देईन.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 203 नुसार, चालक प्यायलेला असल्याचा रास्त संशय आला तर गणवेशातला पोलीस श्वासाची चाचणी घेऊ शकतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की कलम 185 लागतं. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी करावी लागते, नाहीतर सोडून द्यावं लागतं. पोलिसांचे हात बळकट करणारा आणि त्यांना मर्यादाही घालणारा हा कायदा आहे. नुसत्या नाकाबंदीच्या जोरावर कुणाचा फोन उघडायला लावणारं एकही कलम त्यात नाही.

अडचण अशी, की परवाना आणि आरसी आता डिजिलॉकरमध्ये असतात. ते दाखवायला फोन पुढे करावा लागतो. गेल्या पावसाळ्यात एका नाक्यावर हवालदाराने परवाना बघायला म्हणून माझा फोन हातात घेतला आणि गॅलरी उघडली. मी हरकत घेतली तर म्हणाला, "लपवायचं काही नसेल तर बघू द्या की, ताई." त्या फोनमध्ये माझ्या मुलीचे फोटो होते, एका मैत्रिणीने घरच्या मारहाणीबद्दल पाठवलेले मेसेज होते. माझं लपवण्यासारखं काही नसेलही, पण दुसऱ्यांनी विश्वासाने सांगितलेलं उघडं करायचा हक्क मलाही नाही.

हे एका हवालदारापुरतं नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत पोलीस रस्त्यात दुचाकीस्वारांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गांजाचा उल्लेख शोधत होते, त्याचे व्हिडिओ देशाने पाहिले. त्याआधी चार वर्षं, 24 ऑगस्ट 2017 रोजी, पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य कारण आणि प्रमाणाचं भान लागतं.

आमच्या वॉर्डात रुग्णाचा रिपोर्ट शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असा वाचत नाहीत. पण रस्त्यावर मशीनमध्ये फुंकणाऱ्या माणसाचं शूटिंग सर्रास होतं आणि गुन्हा सिद्ध व्हायच्या आत त्याचा चेहरा गावभर फिरतो.

पोलीस आयुक्तांनी लेखी आदेश काढावा: प्रत्येकाला नवी नळी आणि रीडिंगची छापील पावती, फोनवरचे कागद चालकाच्याच हातात ठेवून पाहायचे, चित्रीकरण फक्त खात्याच्या कॅमेऱ्याने. झडतीच घ्यायची असेल तर कारण नोंदवून. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण तसंही बंधनकारक आहे. यामुळे एकही मद्यपी चालक सुटणार नाही. उलट पोलिसांचं लक्ष श्वासावर राहील आणि आमच्याकडे येणारे स्ट्रेचर कमी होतील.