आमचे मत २८ला

मुरूडजवळ राजपुरीच्या धक्क्यावर उभे राहिले की जंजिरा, शिडाची होडी आणि खलाशी, सारे एकाच चित्रात हवेसे वाटते. या मोहाविषयी आम्हांला शंका आहे.

एप्सन आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा २००४ साली आला. त्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान असल्याने २१ मिमीचे भिंग सुमारे ३२सारखे आणि २८चे ४२सारखे पाहते. रुंदी हवी तर २१ घ्यावे, हे गणित बरोबरच. पण त्यात जंजिरा क्षितिजावरची रेघ होतो आणि खलाशी ठिपका. २८ने, बोलण्याइतक्या अंतरावरून, खलाशाला चेहरा मिळतो आणि मागे किल्लाही उरतो.

शिवाय २८ची चौकट कॅमेऱ्याच्या दर्शिकेतच आहे. २१साठी वेगळी दर्शिका वर बसवावी लागते. ही दर्शिका एकास एक मापाची. दुसरा डोळा उघडा ठेवला तर चौकटीबाहेरचा किनाराही दिसत राहतो.

समीक्षेतही आपण याहून वेगळे काय करतो? सारे सामावण्याचा दावा सोपा असतो. काय वगळले, हे पाहत चौकट आखणे अवघड, आणि म्हणूनच प्रामाणिक.