शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढतं तेव्हा...

नितीन गडकरींनी 2011मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांतही तिची चर्चा झाली. आता आपल्या कोल्हापुरातल्या बायकाही ती करून घेतात. पण दोन-तीन वर्षांनी काटा हळूहळू वर सरकू लागला, की घरातूनच टोमणा येतो, ‘एवढे पैसे घातले, पण जिभेवर ताबा नाही!’

मैत्रिणींनो, दोष नेहमी जिभेचा नसतो. घटलेलं वजन परत मिळवायला शरीरच धडपडतं, भूक वाढवतं. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे 2007मध्ये आले. बायपास केलेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के घटलं होतं. दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली. म्हणजे थोडं परत येतं, पण बराचसा फायदा टिकतो.

2025मध्ये मौंजारो, वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली. पण तीही थांबवली की वजन बहुधा वाढतंच. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती नकोतच.

तेव्हा लाजून तपासणी टाळू नका. ताटात आधी उसळ, अंडं घ्या. उरलंसुरलं संपवायचा मक्ता बाईकडेच कशाला? आणि घरच्यांनो, टोमण्यांऐवजी तिला रंकाळ्यावर फिरायला रोज तासभर मोकळीक द्या. पथ्य तिचं असलं, तरी ते सांभाळायचं सगळ्या घरानं!